दुप्पट कणखर

वेलांटीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण वर्तमानपत्राच्या कचेरीत एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारत बसलं, की आईबापांनी ठेवलेलं नाव कुणाच्या लक्षात राहतंय? खिडकीपाशी तिची खुर्ची, टेबलावर लाल पेन. छापायला जाण्याआधी प्रत्येक पान तिच्या नजरेखालून जायचं. चूक दिसली की लाल रेघ, आणि शंका आली की समासात बारीक अक्षरात एक प्रश्न.

या प्रश्नांनीच घात केला.

कचेरीत एक लाडका शब्द होता, "कणखर". पुढारी कसाही असो, बातमीदार ही एकाच मापाची टोपी त्याच्या डोक्यावर बसवायचेच. ज्यानं विरोधकांना तुरुंगात घातलं तो कणखर. चार वेळा रीतसर निवडून आला तोही कणखर. एकाला बापाची खुर्ची बापाच्या उशीसकट मिळाली, तो कणखर. एक जण कामगारांसाठी कारखान्याच्या फाटकाशी सत्तावीस दिवस उपाशी बसला, तोही बिचारा कणखरच. तीनदा राजीनामा देऊन तीनदा परत घेणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या नावासमोर वेलांटीबाईनं लिहिलं, "कणखर? कधीपासून?"

संपादकांनी बोलावून घेतलं.

"बाई, तुमचं काम ऱ्हस्व-दीर्घ बघायचं."

"तेच बघते, साहेब. माणूस ऱ्हस्व आहे, शब्द दीर्घ लागलाय."

संपादक हसले नाहीत. "मग तुम्ही काय लिहिलं असतं?"

"एक दांडगा आहे, एक सोशिक आहे, एक नुसताच वारस आहे. आपल्या भाषेत शब्दांचा तुटवडा आहे होय?"

"वाचकाला एवढं बारीक नको असतं. एक शब्द, चटकन ओळखीचा. बरं, ते राहू दे. पहिल्या तारखेपासून तपासणी संगणक करणार आहे. तुम्ही आता आराम करा."

आराम हा शब्द तिनं हजारदा तपासला होता. त्यात इतकी भीती असेल असं कधी वाटलं नव्हतं. घरी सून म्हणाली, "बरं झालं, आई. किती दिवस डोळे फोडून घेणार?" म्हणाली प्रेमानंच. पण घरात ती कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची आजी. तिचं एकटीचं म्हणून जे काही होतं, ती खिडकीपाशची खुर्ची होती.

महिना संपायला आठ दिवस राहिले आणि पुढाऱ्यांवरची खास पुरवणी काढायचं ठरलं. संपादकांनी पानं लावणाऱ्या ताईला फर्मावलं, "जिथे 'नेते' असेल तिथे 'कणखर नेते' करून टाका. एका झटक्यात होतं म्हणे. आणि ही पुरवणी बाईंकडे पाठवू नका."

एका झटक्यात झालं. संगणकानं तपासून निर्दोष असल्याचा शेराही दिला.

दुपारी चारच्या सुमाराला ताई पानं घेऊन आली. चेहरा पडलेला. "मावशी, तुम्हाला दाखवायची नाहीत असं बजावलंय. म्हणून नुसती टेबलावर ठेवते."

वेलांटीबाईनं चष्मा चढवला. जे नेते आधीपासूनच कणखर होते, ते आता "कणखर कणखर नेते" झाले होते. नाटकातल्या एका म्हाताऱ्या नटाच्या फोटोखाली "ज्येष्ठ अभिकणखर नेते" असं आलं होतं. आणि शेवटच्या पानावर, शाळांच्या निबंध स्पर्धेत पहिल्या आलेल्या तिसरीतल्या मुलीचं वाक्य होतं, "माझी आजी मला रोज शाळेत कणखर नेते."

वेलांटीबाई हसता हसता टेबलावर कपाळ टेकून बसली. ताईलाही हसू आवरेना.

मग हसू ओसरलं. पानं अशीच गेली असती तर उद्या साहेबांची चारचौघांत शोभा झाली असती, संगणकाचं पितळ उघडं पडलं असतं आणि खुर्ची आपोआप वाचली असती. त्यासाठी तिला करायचं काहीच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

"गप्प बसा, मावशी," ताई हळूच म्हणाली. "मी काही पाहिलं नाही, तुम्हीही नाही."

"बसले असते गं. पण या पोरीचं नाव पहिल्यांदाच छापून येतंय. उद्या अख्खा वर्ग तिला चिडवेल. साहेबांची शोभा झाली तर त्यांनी कमावलेली आहे. हिनं काय केलंय?"

तिनं पेन उघडलं. दुप्पट कणखर होते ते एकपट केले, नटाला त्याचा अभिनय परत दिला. निबंधातला "कणखर" खोडायला गेली आणि हात थांबला. एकतीस वर्षांत तिनं कुणाच्या लिखाणात पदरचा शब्द घातला नव्हता. आताही घातला नाही. त्या शब्दाभोवती गोल काढला आणि बाण मागे नेला: "माझी कणखर आजी मला रोज शाळेत नेते."

ताईनं तशीच दुरुस्त करून धाडलेली पुरवणी निघाली, त्या सकाळी संपादकांसमोर लाल रेघांनी भरलेली तीच पानं होती.

"पुरवणी तुम्हाला दाखवायची नव्हती."

"दाखवली नाहीच कुणी. टेबलावर होती."

त्यांनी "कणखर कणखर"वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "त्या मुलीच्या आजीचा फोन होता. नातीनं असं लिहिलंच नव्हतं म्हणाल्या."

"रागावल्या?"

"आणखी पाच अंक मागितले." साहेबांनी घसा साफ केला. "पण बाई, निबंधात तो शब्द मुळात नव्हता."

"नव्हताच. तुम्ही घातलात, मी फक्त जागा दाखवली."

साहेबांनी पानं आवरली. "पहिल्या तारखेला या. नेहमीच्या वेळेला. पण समासात प्रश्न नकोत."

"बरं," वेलांटीबाई म्हणाली. "कागदाच्या पाठीमागे लिहीन."