वेळ सांगून जाणारे गृहस्थ

नव्वदच्या दशकात नोकरीसाठी मी बंगलोरला, जे. पी. नगरात राहत होतो. सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याने इडली खाताना एक गृहस्थ रोज शेजारी असायचे. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरातले. नाव मी कधी विचारलं नाही. अंटार्क्टिकातल्या आपल्या संशोधन केंद्रावर त्यांनी वर्षभर स्वयंपाक केला होता.

कावळा दिसला की ते इडलीवर पंजा धरायचे. तिकडे स्कुआ नावाचा पक्षी हातातला घास पळवायचा म्हणे. पेंग्विन मात्र सज्जन, फक्त त्यांचा वास सोसवत नाही, असं त्यांचं मत होतं.

पेपर आणायला रस्त्यापलीकडे जायचं असलं तरी मला सांगून जायचे, "येतो अण्णा, स्वल्प वेळात." एकदा मला हसू आलं, तेव्हा म्हणाले, "तिकडे सांगितल्याशिवाय दाराबाहेर पडायचं नाही. सांगितलेली वेळ टळली की बाकीचे दोर घेऊन बर्फात शोधायला निघतात."

पुण्याला बदली झाली, तेव्हा मी त्यांचा निरोप घेतला.

"परत कधी?"

"आता कसला परत येतोय!"

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "असं चालत नाही अण्णा. वेळ सांगायची."

बस चुकेल म्हणून मी म्हणालो, "दिवाळीला." त्यांनी मान हलवली आणि पेला उचलला.

मी काही गेलो नाही. पण त्या दिवाळीत कडी वाजली की घरच्यांच्या आधी मीच दार उघडायला उठत होतो.