शेतीच्या कपाटातलं माझं गाव

दोष सगळा चव्हाण सरांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी तुम्ही माझ्याकडं बघून हसायला नको.

चव्हाण सर म्हणजे आमच्या पेठेतल्या वाचनालयाचे अध्यक्ष. मुख्याध्यापक होते. रिटायर झाले, पण ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं, तेव्हा बाबांनी मला त्यांच्या ताब्यात दिलं. काम काय? पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवायची.

त्यात सरांना 'डिजिटल विभाग' काढायची हुक्की आली. विभागात वस्तू एकच. माझं गाव!

अहो, ऑनलाइन दुनिया असते ना, तसलं. जमीन घ्यायची, ठोकळ्यावर ठोकळा ठेवून पाहिजे ते बांधायचं, कुठकुठली माणसं बघायला येतात. मी तीन वर्षं खपून अख्खं कोल्हापूर बांधलेलं. रस्त्याला खड्डा नाही, रंकाळा तळ्याला वास नाही. आमचं कॉलेजपण होतं, फक्त त्याला दार ठेवलं नव्हतं. आयुष्यात मी पूर्ण केलेली ही एकमेव गोष्ट. ती दाखवून मला अर्धवट म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांची तोंडं बंद करावी म्हणून माझं खातं, माझ्या पासवर्डासकट, वाचनालयाला दिलं.

सरांचा पहिला प्रश्न काय असेल?

"कुठल्या कपाटात?"

"सर, ते कपाटात मावत न्हाय."

"कपाट नाही ती वस्तू वाचनालयात नाही. खेळच आहे ना? मग क्रीडा. कुस्तीशेजारी."

"खेळ न्हाय हो! हरायचं न्हाय, जिंकायचं न्हाय."

"मग कादंबरी."

"गोष्ट कुठाय त्यात?"

"प्रवासवर्णन?"

"खुर्चीतनं हललंय कोण?"

"मग आहे तरी काय?"

"जमीन हाय सर, जमीन!"

"असं सांग की. शेती."

माझं डोकंच फिरलं. "घाला शेतीत! खतांच्या शेजारी घाला!"

आता मला सांगा, टोमणा कळायला किती शिक्षण लागतं? सरांनी शांतपणे माझ्याकडूनच यादीत चढवून घेतलं. विभाग, शेती.

आणि तिथं आले तात्या. शिरोळचे, मुलाकडं राहायला आलेले. शेतीचं कपाट दोनदा वाचून संपवलेलं. नवीन नाव दिसल्याबरोबर टेबलापुढं हजर.

"पावणं, शेतीत नवीन आलंय की! द्या."

"तात्या, ते तसलं न्हाय..."

"वाचकाला नाही म्हणायचं नाही," मागून सर.

बसवलं कॉम्प्युटरपुढं. माउस असा धरलेला, जणू ओढ्यातला खेकडा! म्हटलं, हा गडी काय दिवे लावणार? दोन बटणं दाखवली. ह्यानं ठेवायचं, ह्यानं पाडायचं. आणि मी निघालो मित्रांबरोबर गगनबावड्याला.

सुट्टी संपवून आलो. पडदा हिरवागार. ऊस! बघावं तिकडं ऊस!

"तात्या, माझं गाव कुठाय?"

"तुझं व्हतं व्हय ते? आरं लेका, एवढं झकास रान, आन वर नुसती बांधकामं! तळं फोडून पाट काढलाय बघ. पाण्याला लागून ऊस लावला की झ्याक येतोय. डिट्टो शिरोळ!"

"सर! बघा काय केलंय यांनी!"

सरांनी चष्मा वर केला. "शेतीत शेती केली. कपाट कुणी सुचवलं होतं?"

बॅकअप म्हणताय? बॅकअप घेणारा माणूस असतो, तर इंजिनिअरिंग सोडलं असतं का?

माझा चेहरा बघून तात्यांना दया आली. पाठीवर हात ठेवला. "रडतुयास कशाला? समदं न्हाय पाडलं. एक इमारत ठेवलिया, गुऱ्हाळाला बरी हाय. कुठल्या येड्यानं बांधल्याली कुणास ठाऊक, दारच न्हवतं. मी फोडून काढलं."

तीन वर्षांचं गाव गेलं. राहिलं ते कॉलेज.