ओठ ओले करण्यापुरतं

मे महिन्यात घरोघर फिरून माहिती गोळा करायचं काम शिक्षकांच्याच माथी का मारतात, हे मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं नाही. यंदा राळेगावकडचं एक खेडं वाट्याला आलं, आणि जोडीला आमच्या शाळेतली नवी शिक्षिका. सोबत एक छापील कागद दिला होता: उन्हात भरपूर पाणी प्यावे. तो वाचून माझं डोकंच फिरलं. प्यावे, मान्य. पण मग जावे कुठे? गावच्या शाळेतल्या संडासाची चावी शिपायाकडे, आणि शिपाई लग्नाला गेलेला.

म्हणून पहिल्याच सकाळी मी तिला माझी युक्ती शिकवली. "पानी ओठ ओले करन्यापुरतंच घ्यायचं. म्हंजे दिवसभर जावं लागत नाही." बदलीच्या प्रत्येक गावात मी हेच करत आले होते, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमानही होता. तिने मान डोलावली आणि माझं अक्षरशः ऐकलं.

आमच्याकडे उन्हातून आलेल्याला आधी पाणी देतात. दर घरी तांब्या पुढे यायचा, दर घरी आम्ही म्हणायचो, "नको, आताच पेलो." मग फॉर्ममधला प्रश्न: घरी संडास आहे का? "हाये ना," उत्तर यायचं. संडासाचं दार उघडं असलं तर आत सरपणाच्या तुराट्या रचलेल्या दिसायच्या. तरी मी 'आहे'च लिहायचे, कारण तुराट्यांसाठी रकाना नव्हता.

दुपारी दीडच्या सुमाराला एका घरी तिने माणसं किती हे दोनदा विचारलं. पुढच्या घरी तेच विचारलं तीनदा. मी तिला अंगणात आणून झापलं, "ध्यान कुठं हाये तुझं?" ती माझ्याकडे पाहत होती, पण मी कोण हे तिला समजत नसावं. हात धरला तर तव्यासारखा गरम आणि कोरडा. सकाळी घामाने भिजलेला ब्लाउज वाळून त्यावर मिठाचे पांढरे डाग उठले होते. घाम कधीचा थांबला होता, आणि मी तिच्या चुका मोजत बसले होते. ती तिथेच खाली कोसळली.

घरच्या म्हातारीने मला बाजूला सारलं. तिला सावलीत बाजेवर घेतलं, रांजणातलं पाणी अंगावर ओतलं, ओलं लुगडं पांघरलं आणि सुनेला वारा घालायला लावलं. मी नुसती "ऊठ ना, ऊठ ना" करत राहिले.

"पोरगी पानी पेत नोती का?" म्हातारीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात शुद्धीवर आली. सलाईनवर सलाईन चढत होतं आणि कॉटला टांगलेली लघवीची पिशवी रिकामी होती. ती भरायला लागेपर्यंत मूत्रपिंडांचं काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. जे होऊ नये म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा केला, त्याचीच आता सगळे वाट बघत होते. मला माझाच भयंकर राग आला.

"एवढ्या उन्हात पाणी का नाही प्यालात?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "तहानच नोती लागली."

तिची आई माझा हात धरून म्हणाली, "तुमी सोबत होत्या म्हनून वाचली." मी तो हात सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी पिशवीत बोटभर पिवळं पाणी दिसलं. तिची आई रडायला लागली. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "पानी पिऊ नको असं मीच सांगतलं होतं तिले," मी म्हणाले. तिच्या आईचं रडणं थांबलं.

कॉटवरून ती हळूच म्हणाली, "तुमाले बी कोनीतरी सांगतलंच असन ना, म्याडम."

सांगितलं होतं. माझ्या पहिल्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी, पहिल्याच दिवशी. त्या म्हणाल्या होत्या, ओठ ओले करण्यापुरतंच घेत जा.