मामांच्या पारखीचा कॉम्प्युटर

आमच्या मामांनी आयुष्यात दात मोजायला हजारो बैलांच्या तोंडात हात घातला आणि एकाही बैलाने त्यांना चावा घेतला नाही. उलट बाजारात मामा दिसले की ओळखीचे बैल आपणहून जबडा उघडत, असं मी स्वतः पाहिलंय. म्हणजे मामांनी मला सांगितलंय. आणि मामांनी सांगितलेलं मी पाहिल्यातच धरतो. तीर्थपुरीपासून भोकरदनपर्यंत कुणाला जोडी घ्यायची झाली की मामांना बोलावणं जायचं. मामांनी हो म्हटलेला बैल कधी कामात बसला नाही. हीच त्यांची इस्टेट. मोसंबीची बाग होती ती वेगळी.

अशा माणसाला बरोबर घेऊन मी कॉम्प्युटर घ्यायला गेलो.

दोन हजार साल उलटून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. राजूर आणि भोकरदनच्या मधे आमचं गाव. भोकरदनला कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता आणि तिथे मी टायपिंग शिकत होतो. खरं सांगायचं तर तिथले सर जेवायला गेले की आम्ही टायपिंग बंद करून कारची रेस लावायचो. पण त्या मशीनमध्ये जीवच नव्हता. कार एक पाऊल टाकायची, थांबायची, विचार करायची, मग दुसरं पाऊल टाकायची. वळण येईपर्यंत सर जेवून, हात पुसून, बडीशेप खाऊन परत यायचे. एकदाही मी ती रेस पुरी केली नाही. तेव्हाच ठरवलं, आपलं मशीन आपण जोडायचं. तयार डबा घ्यायचा नाही. आज परवडेल तेवढं घ्यायचं आणि पुढे एकेक पार्ट बदलत त्याचा वाघ करून सोडायचा.

वडिलांना अर्थातच रेसबद्दल काही बोललो नाही. टायपिंग म्हणालो, हिशेब म्हणालो, तालुक्यात अशी नोकरी कुणालाच नाही म्हणालो. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"घे," ते म्हणाले. "पर दोन गोष्टी. खरेदीला मामा पाहिजेत. त्यांच्याबिगर आपल्या घरात काहीच आलं न्हाई."

"मामांना बैलातलं कळतं. हे मशीन हाय."

"मशीन तर मशीन. फसवनारा मानूसच असतो ना? अन् दुसरं. मी चतुर्थीला राजूरहून दर्शन करून येईन तवा त्या पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे. न्हाई हललं तर डबा परत, अन् तू दोन वर्सं मामाच्या मोसंबीला पानी द्यायचं."

मामांच्या मोसंबीच्या ओळी ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना या शिक्षेचं गांभीर्य कळणार नाही. एका टोकाला पाण्याचं बारं मोडून माणूस दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याची दाढी वाढलेली असे. चतुर्थी तीन दिवसांवर होती.

मामा दुसऱ्याच दिवशी हजर झाले. डोक्याला पांढराशुभ्र फेटा, खांद्यावर दस्ती आणि काखेत सुताचा कोरा कासरा.

"मामा, हा कासरा कशाला?"

"खरेदीला चाल्लो ना आपन? मंग रिकाम्या हातानं कसं जायचं?"

मी म्हटलं, असेल मॉनिटर बांधायला. तिथेच मी चुकलो.

जालन्यात एका जिन्यावर पार्टचं दुकान होतं. दुकानदार पोरसवदा पण बोलायला पक्का. त्याने आमच्याकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं, आणि थेट एक चकचकीत डबा पुढे सरकवला.

"काका, हे घेऊन जा. यातल्या बोर्डमधी समदं आतूनच आलं. आवाज आला, चित्र आलं. वेगळं काही लावायचं कामच न्हाई."

"अन् उद्या लावावं वाटलं तर?" मामांनी विचारलं.

"उद्या नवा घ्यायचा!"

"बघ भाच्या, खरं बोलून गेला." मामा खाली बसले. "दुसरं दाखव. उघडं करून दाखव. झूल घातलेला बैल मी बघत नसतो."

मग त्या टेबलावर जे झालं ते मी कुठल्याही क्लासात शिकलो नाही. दुकानदाराने दोन मदरबोर्ड शेजारी शेजारी ठेवले. माझ्या वहीत दोन्हींची नावं उतरवलेली होती, पण मामांनी वही मिटायला लावली. पहिल्या बोर्डावर त्यांनी करंगळी फिरवली. रॅमची एकच खाच, ग्राफिक कार्डाला जागाच नाही.

"हा जुळलेला हाय. समदे दात येऊन झाले. आता वाढायचा न्हाई, निस्ता म्हातारा व्हायचा."

दुसऱ्या बोर्डवर रॅमच्या तीन खाचा, ग्राफिक कार्डाची वेगळी खाच, खाली आणखी चार रिकाम्या. मामांनी प्रत्येक खाचेत नख घालून मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हा आदत! दात अजून यायचेत. हा घे. आज एक दात बसव, पुढच्या साली दुसरा. पाच-सहा वर्सं घरात वाढंल."

मी थक्क झालो. जे समजायला मला दोन महिने मासिकं चाळावी लागली होती ते या माणसाने करंगळीने सांगितलं.

पुढे प्रोसेसर. मी महागातला धरून बसलो होतो. मामांनी विचारलं, याच्या जोडीला काय? मी म्हटलं, पैसे उरले तर साधं ग्राफिक कार्ड.

"एक बैल चपळ अन् दुसरा सुस्त. मंग नांगर सरळ जाईन का गोल फिरन?" मामा म्हणाले. "जोडी बराबरीची पाहिजे." त्यांनी मला मधला प्रोसेसर घ्यायला लावला आणि वाचलेले पैसे ग्राफिक कार्डावर घातले. मग कार्ड हातात घेऊन माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे टायपिंगला लागतं?"

"अक्षरं स्वच्छ दिसतात, मामा."

"आस्सं," मामा म्हणाले. त्या एका 'आस्सं'मध्ये आख्खा बाजार होता.

वीजपुरवठ्याचा डबा त्यांनी नुसता तळहातावर तोलला. पहिला टाकून दिला. "हलका. पोटात काही न्हाई." दुसरा हात खाली ओढणारा निघाला, तो घेतला. पुढे कितीतरी वर्षांनी एक मोठा जाणकार मला सांगत होता की तो डबा वजनावरून ओळखावा. मी त्याला म्हटलं, हे आमच्या मामांनी सांगून झालंय.

"आता चालवून दाखव," मामांचा हुकूम. दुकानदाराने सगळं टेबलावरच उघडं जोडलं, हार्ड डिस्कवर जे भरायचं ते भरलं, माझ्या हळूच डोळा मारण्यावरून कारची रेसही भरली, आणि मशीन चालू करून दाखवलं. मामांनी दोनदा बंद-चालू करायला लावलं. बैल दोनदा उठवून-बसवून पाहतात तसं.

राहिला भाव. मामांनी खांद्यावरची दस्ती काढली, दुकानदाराच्या हातावर टाकली आणि दस्तीखालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो. बोटं दाबायची, आकडा तोंडाने काढायचा नाही. दुकानदाराला यातलं काय माहीत! त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मामा एक बोट दाबायचे, तो "हां" म्हणायचा, दोन दाबली की "हां हां", सगळा पंजा आवळला तेव्हा तो ओरडला, "काका, जे द्यायचं ते द्या, हात सोडा!" त्या भावात त्यानंतर जालन्यात कुणालाही मशीन मिळालेलं नाही.

मी रिक्षा बघायला खाली गेलो. सुटे पार्ट खोक्यात भरायचं काम मामांनी केलं. जोडणी घरी माझ्या हातानेच करायची हा माझा हट्ट होता. गावाने बघायला नको? एसटीत मॉनिटरला कोऱ्या कासऱ्याने सीटला बांधलं. कंडक्टर म्हणाला, ह्याचं तिकीट लागंल. मामा म्हणाले, "दे. मंग त्याला खिडकी पाहिजे." राजूर येईपर्यंत मॉनिटर खिडकीशी बसून बाहेर बघत होता आणि एक म्हातारी त्याच्याशेजारी उभी होती.

"दुकानदार भला मानूस," मामा वाटेत म्हणाले. "त्याची लक्ष्मी त्याच्यापाशी ठिवून आलो."

मी लक्ष दिलं नाही. मी मनात रेस चालवून राह्यलो होतो.

दुसऱ्या दिवशी, चतुर्थीच्या आदल्या दुपारी, मी जोडणीला बसलो. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसला, प्रोसेसर बसला, रॅमने कट्ट म्हटलं. गाव खिडकीत. मग मी हार्ड डिस्क बोर्डाला जोडायला चपटी पट्टीची वायर शोधली. नाही. सीडीची? नाही. प्लगमध्ये घालायची काळी वायर? एकही नाही. खोकं उलटं केलं, थर्मोकोल फोडला. माउस होता, कीबोर्ड होता, पण वेगळी म्हणून जी वायर असते ती एकही नव्हती.

"मामा, वायरी कुठायत?"

मामा ओसरीवर पान लावत होते. "ठिवून आलो म्हनलं ना तुला."

"कुठं ठिवून आलात?"

"दुकानात. दावं मालकाचं मालकापाशी ऱ्हातं भाच्या! जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत, दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाती. अन् घेनाऱ्यानं बी मागू नये. आपलं दावं आपन न्यावं. मंग मी कासरा कामून नेल्ता?"

मामा समाधानाने पुढे म्हणाले, "जेवढी सुटली तेवढी समदी दिली. त्या जड डब्याच्या सुटल्या न्हाईत. त्या त्याच्या शेपट्या हायेत म्हून ऱ्हाऊ दिल्या."

मी कासरा उचलून हार्ड डिस्कपुढे धरला आणि म्हटलं, "घाला आता ह्यातून वीज." मग एकेक वायर कशासाठी लागते ते सांगितलं. मामांचा विडा तोंडापर्यंत जाऊन थांबला. ज्या माणसाचा एकही बैल बसला नव्हता, त्याची जोडी उठायच्या आधीच बसली होती, आणि तीही बहिणीच्या घरात, खिडकीतल्या गावादेखत.

"उद्या दाजी कवा येतेत राजूरहून?"

"दुपारी."

"मी पहाटंच्या गाडीनं जातो."

चतुर्थीला सकाळी वडील पायी राजूरला गेले, मामा त्याआधीच जालन्याला. मी बारापर्यंत ओसरीत बसून मोसंबीला आठवड्यातून किती पाणी लागतं याचा विचार केला. एक वाजता गाडी थांबली आणि खाली उतरले दोघंही! उन्हामुळे वडिलांनी परतीला राजूरला गाडी धरली होती, आणि जालन्याला बाजाराचं काम होतं असं सांगत मामा त्याच गाडीत सापडले होते. मामांचे हात रिकामे. माझा जीव गेला.

"पाव्हनं म्हनतेत, मशीन आतापर्यंत पळायला लागलं आसंल," वडील प्रसाद देत म्हणाले.

"पळून राह्यलं ना," मी म्हटलं.

"दाजी, तुम्ही च्या घ्या निवांत," मामा म्हणाले. "माझ्या डोक्याला जरा हवा लागू द्या." मला ढकलत त्यांनी खोलीत नेलं, दार लोटलं आणि फेटा सोडला. फेट्याच्या पाचव्या वेढ्यातून चपट्या पट्ट्या पडल्या, सातव्यातून काळी वायर पडली, शेवटच्यातून दुसरी. एसटीत डोक्याला इतकं वजन घेऊन हा माणूस वडिलांशी कापसाच्या भावावर गप्पा मारत आला होता.

"ठिवलेल्याच का?"

"छट्! देऊन राह्यलता तो, हसत हसत. म्या म्हनलं, एकदा सोडलेलं दावं उचलत नसतेत. नवीन इकत दे."

बाहेर बशीचा आवाज आला. आईला काय कळलं कुणास ठाऊक, ती वडिलांना म्हणाली, "अजून अर्धा कप घ्या." आईचा अर्धा कप म्हणजे मला चार मिनिटं. पट्टी बसवली. उलटी होती. काढली, सुलटी बसवली. वायर भिंतीत घातली. बटण दाबलं. आधी काही नाही, मग पंखा घुमला, मग पडदा उजळला. मी टायपिंग उघडायला हात नेला तोच मामांनी कानात सांगितलं, "आता ते कार्ड ज्याच्यासाठी घेतलं ते दाखव. मी काय काल जन्मलो का, न कळायला?"

पडद्यावर लाल कार सुटली. थांबली नाही, विचार केला नाही, वाऱ्यासारखी सुटली. आणि दारात वडील.

"हे टायपिंग हाय?"

मला मोसंबीचा वास यायला लागला.

"दाजी," मामा पुढे झाले, फेटा हातात, डोकं उघडं. "नवा बैल घरी आनल्यावर तुम्ही पहिल्याच दिवशी नांगराला जुंपता का?"

"न्हाई."

"आधी काय करता?"

"मोकळ्या गाडीला लावून पळवून बघतो."

"मंग? गाडीच हाय ना ही? हलून राह्यली का न्हाई?"

वडील पडद्याजवळ आले आणि मला म्हणाले, "सरक." खुर्चीवर बसले, बाण दाबला आणि कार सरळ भिंतीवर घातली. "डाव्या अंगाला ओढून राह्यली."

"कासरा ढिला सोडा, दाजी!"

त्या वर्षी टायपिंगला मशीन मला क्वचितच मिळालं. दिवाळीत वडीलच म्हणाले, "त्या आदताला दुसरा दात बसव की, वळनावर दमतंय." दुसरी रॅम घातली. मग मोठी हार्ड डिस्क, मग दुसरं कार्ड. मामांचं भाकीत खरं ठरलं. बोर्ड सहा वर्षं घरात वाढला आणि एकदाही बसला नाही.

शेवटी तो भोकरदनच्या एका मास्तरांना विकला. ते गाडी घेऊन आले, मी सगळं खोक्यात नीट भरून दिलं. त्यांनी दोनदा आत डोकावून पाहिलं.

"अन् वायरी?"

"गुरुजी," मी म्हटलं, "त्या तुमच्या तुम्ही आणा."