वटारच्या घरातली झोप

घरात घड्याळ असूनही दर रविवारी करपलेलं वरण जेवणारं जोडपं मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते आमच्या शाळेच्या मागच्या खोलीत राहत होतं. नवरा शाळेचा शिपाई. मुलं त्याला मामा म्हणत, म्हणून आम्ही शिक्षकही मामाच म्हणायचो, आणि त्यांची बायको आपोआप मामी झाली. मामी तिसऱ्या तासाच्या घंटेला डाळ चढवी, चौथ्या तासाला उतरवी आणि मधल्या सुट्टीत भाकऱ्या थापायला घेई. रविवारी घंटा नसे. "आज उतरवायला कोणी सांगितलंच नाय," असं ती मामांकडे बघत म्हणे, आणि मामा निमूटपणे जेवत, कारण घंटा देणारे तेच होते.

मुलांनो, तुमची ही आजी शिस्तीची आहे असं तुमची आई तुम्हाला सांगत असेल. तिने मामांचं घर आठवावं. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत होती. घर फाटकाच्या आत, वर्ग तीस पावलांवर, तरी तिला अधूनमधून उशीर व्हायचाच. अशा दिवशी मामा तिला मागच्या दाराने बाहेर काढत, शाळेला वळसा घालून पुढच्या फाटकाशी आणत आणि इतर उशिरा आलेल्या मुलांबरोबर उभं करत. "घरातनं आली म्हनून काय झालं? फाटक सगल्यांना एकच," असं ते मला म्हणाले होते. (मामा खाडीकडचे, त्यांचं बोलणं तसंच होतं.) खडूचा तुकडा रांगोळीला वापरला म्हणून त्यांनी मामीला ओटा पुसायला लावला होता. त्या दिवशी मामीने त्यांना चहा देताना विचारलं, "साखर आमची की शाळेची?"

शिस्तीपुरतं मामीला सगळं चालत होतं. एक गोष्ट मात्र तिला आतून खात होती. मामा एकतीस वर्षांत एकही रात्र शाळेबाहेर झोपले नाहीत. मुलीचं लग्नसुद्धा मे महिन्यात शाळेच्या पटांगणात झालं. वरात विरारला निघाली तेव्हा मामा फाटकापर्यंत गेले, डोळे पुसले आणि फाटक बंद करून आत आले. मामी वरातीबरोबर बाहेर राहिली होती. फाटकाच्या गजांमधून ती त्यांना म्हणाली, "मला तरी आत घ्या." मामीच्या वडिलांनी आपल्या वटार गावात वाडीच्या कडेला दोन खोल्या तिच्या नावावर केल्या होत्या. ती मला म्हणायची, "बाई, मला दागिने नकोत, काय नको. माझ्या घरात या माणसाने एकदा निवांत झोपावं, बस्स."

मामांच्या या हट्टामागे कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका शनिवारी पहिलीतली एक मुलगी शेवटच्या बाकावर झोपून गेली, आणि मामांनी वर्गाला कुलूप लावलं. त्यांना लहानपणापासून डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. विहिरीवर गेलेल्या मामीने रडणं ऐकलं. मुलगी बाहेर आली, मामीने दिलेला पेरू खाल्ला आणि सगळं विसरली. तिच्या वडिलांनी तर केळ्यांचा घड आणून दिला. विसरले नाहीत ते मामा. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी प्रत्येक वर्गाच्या दारात उभं राहून "कोन हाय का आत?" असं तीनदा विचारत. मग मामी कान देऊन ऐके आणि "नाय कोणी" म्हणे. त्यानंतरच कुलूप लागे. तरीही रात्री दोनदा उठून ते दारांवर टकटक करत फिरत.

मामा निवृत्त झाले तेव्हा नवा माणूस मिळेना. मिळेपर्यंत तुम्हीच किल्ल्या सांभाळा, खोलीही वापरा, असं शाळेने सांगितलं. मामांचा चेहरा उजळला. मामीने दुसऱ्या दिवशी स्टोव्ह, दोन पातेली आणि पाटावरवंटा रिक्षात घातला. "मी घरी चालले. तुम्हाला सुट्टी मिळेल तेव्हा या," ती म्हणाली आणि वटारला गेली.

आता पंचाईत अशी, की कान तिच्याबरोबर गेले. मग रोज संध्याकाळी मामा सायकलवरून वटारला जाऊ लागले. मामीला कॅरियरवर बसवून आणायचं, अकरा वर्गांची दारं ऐकवायची, कुलपं लावायची आणि तिला परत पोचवून एकट्याने शाळेत यायचं. रस्त्यात लोक हसत. "कुठे निघालात जोडीने?" असं कोणी विचारलं की मामी गंभीरपणे म्हणे, "कामावर." एक दिवस माझ्या दारावरून जाताना मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "मामा, या वयात एवढी चक्कर कशाला? तुम्हीच तिथे राहा की."

"बाई, रातचं कोनी आत रडलं तर?"

मामी मागे कॅरियरवर बसल्या बसल्या पदर सारखा करत राहिली.

महिनाभराने एका सकाळी साडेसातला मुख्याध्यापिकांचा मला फोन आला; मी तोवर निवृत्त होऊन घरी होते, पण मामांचं वटारचं घर मलाच ठाऊक होतं. फाटकाला कुलूप होतं, सगळी शाळा रस्त्यावर उभी होती आणि मामांचा पत्ता नव्हता. असं कधीच झालं नव्हतं. नको ते मनात आणत मी रिक्षाने वटारला गेले. मामी ओट्यावर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

आत खाटेवर मामा झोपले होते. तोंड उघडं, एक हात खाली लोंबकळत, घोरणं वाडीभर ऐकू जाईल असं.

"काल मला सोडायला आले तेव्हा किल्ल्या मी तांदळाच्या डब्यात टाकल्या," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, अकरा खोल्या मी ऐकल्या. आत कोणी नाय. मग तुम्ही राखणार कोणाला? उभे राहिले बराच वेळ. मग म्हणाले, पाच मिनिटं पडतो."

त्यांना उठवू नका, असं तिने तोंडाने सांगितलं नाही. डब्यात हात घालून जुडगा काढला आणि माझ्या हातावर ठेवला, एवढंच. मी आठनंतर कोणाला अंथरुणात राहू दिलेलं नाही, तुमच्या आईलाही नाही. पायऱ्या उतरताना मी चपला हातात घेतल्या.

परतताना किल्ल्यांतले तांदूळ माझ्या मांडीवर सांडत होते. फाटक मी उघडलं, घंटाही मीच दिली, फार बेताची वाजली. उशिराचं कारण वहीत काय लिहू, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं. आयुष्यात कधी खोटं न लिहिलेल्या मी त्यांना सांगितलं, "लिहा, किल्ल्या सापडत नव्हत्या."