हातपंपाऐवजी कुंड्या

सोलापुरात तेव्हा यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मुलींच्या ज्या वसतिगृहात मी शिकवत असे आणि राहतही असे, तिथल्या आम्ही साऱ्याजणी ते बघायला गेलो आणि एका कंपनीच्या हातपंपापुढे खिळून उभ्या राहिलो. दांडा हलवला की पाणी! आमच्या आडाला रहाट होता आणि पाणी इतकं खोल, की एक पोहरा वर येईतो हात भरून यायचे. अध्यक्षीणबाईंनी धीर करून एका पंपासाठी कंपनीकडे अर्ज केला.

कंपनी फारच दयाळू निघाली. प्रदर्शन उठल्याबरोबर बैलगाडीतून आमच्या दारात आल्या त्या कुंड्या. कंपनीने मांडवाच्या शोभेसाठी पुण्याहून आणलेले क्रोटन आणि पाम! परत न्यायचे म्हणजे रेल्वेचं भाडं. त्यापेक्षा समाजसेवा स्वस्त. सोबत मॅनेजरसाहेबांचा निरोप होता, की झाडं नीट जगवा, उन्हाळ्यात येऊन पाहीन, मग पंपाचा विचार करू.

झालं! या पाहुण्यांची सरबराई सुरू झाली. सोलापूरचं ऊन त्यांना कुठलं सोसायला? सकाळ-संध्याकाळ पाणी, शिवाय ओल्या फडक्याने पानं पुसायची. मुली केस धुवायचं पुढे ढकलू लागल्या, माझ्या तळहातांना दोर ओढून फोड आले. आमच्या स्वयंपाकीणबाई अक्कलकोटकडच्या, तोंडाने फटकळ. त्या म्हणाल्या, "बाई, आता ह्यास्नी ताट बी वाढायचं का?" मी हसले, पण खरं सांगते, मला त्या झाडांचा मनस्वी राग यायचा.

भर वैशाखात साहेब आले. कुंड्यांभोवती फिरले, एका पानावर बोट फिरवून धूळ आहे का तेही पाहिलं. भलतेच खूश झाले.

"वा! पंप नसताना एवढी हिरवीगार! तुमच्याकडे पाणी मुबलक दिसतंय. मग पंप हवाच कशाला?"

अध्यक्षीणबाईंचा चेहरा उतरला. मला तर एक कुंडी साहेबांच्या डोक्यावर देऊन त्यांची बोळवण करावीशी वाटली. पण आम्ही पडलो सुशिक्षित, आम्ही आभार मानले.

घामाघूम झालेले साहेब खुर्चीत टेकले आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

स्वयंपाकीणबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "घरात थेंब न्हाय, सायेब. समदं तुमच्या झाडांस्नी घातलं की. आड तितं हाय, दोर बी हाय."