झिराडचा टोप

मिल्काबाई झिराडकरांनी या वर्षी ठरवूनच टाकलं होतं, की पेसाह घरीच करायचा. नवरा आहरोन गेल्यापासून त्या सणाला भायखळ्याच्या मशिदीत जात. ज्यूंच्या सिनेगॉगला कोकणातल्या बेने इस्रायल लोकांत मशीदच म्हणतात. तिथे चार माणसं भेटत, जेवण आयतं मिळे, परत येताना कोणीतरी टॅक्सीत बसवून देई. तक्रार करावी असं काही नव्हतं. पण घराला कुलूप लावून सण करायचा, हे त्यांच्या मनाला कधी पटलं नाही.

त्यात बेनीचं टुमणं. बेनी म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, इस्रायलमध्ये अश्दोदला राहतो. दर शुक्रवारी शाबाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागायच्या आत त्याचा फोन येतो आणि दर शुक्रवारी तेच. काळाचौकीच्या त्या चाळीत आपलं एकच घर उरलंय, तू एकटी काय करतेस तिथे, कायमची इकडे ये. एकदा मिल्काबाई बोलून गेल्या, "हा पेसाह मला घरात करून बघू दे. निभावला तर मी इथेच. नाही निभावला तर तू तिकीट काढ, मी हूं का चूं करणार नाही." फोन ठेवल्यावर त्यांची त्यांनाच जरा धास्ती वाटली.

पेसाह म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण. निघताना लोकांना इतकी घाई झाली, की भिजवलेलं पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून सणाचे आठ दिवस घरात आंबवलेलं, फुगलेलं काही चालत नाही. पाव नाही, बिस्किट नाही, गव्हाच्या पिठाचा कणसुद्धा नाही. भाकरी खायची ती बिनखमिराची. अलिबागजवळ झिराडला सासूबाईंच्या काळात सणाआधी घराला पांढराशुभ्र चुना देत, भांड्यांना कल्हई करत, आणि सणाची भांडी मग दुसऱ्या कशाला वापरत नसत. मिल्काबाईंनी जन्मभर महापालिकेच्या शाळेत शिवणकाम शिकवलं, नोकरी सांभाळून सगळं केलं, पण कल्हई कधी चुकवली नाही.

आता कल्हईवाला सापडणं म्हणजे दिव्यच. कोणाकोणाला विचारून एक म्हातारा मिळाला. तो चाळीच्या अंगणात बसून दोन पातेली आणि झिराडचा मोठा तांब्याचा टोप उजळून देऊन गेला, आणि दुसऱ्याच दिवशी गावी निघून गेला. तो टोप खास शरबताचा. काळ्या मनुका उकळून, गाळून जे शरबत करतात, त्याच्यावरच सणाच्या रात्री किद्दुशची प्रार्थना म्हणायची. त्या टोपात शरबत शिजलं नाही असा पेसाह झिराडकरांच्या घरात झालेला नव्हता.

घरात रंगाचं काम निघालं तेव्हा मिल्काबाईंनी तिन्ही भांडी धुतल्या चादरीत बांधून समोरच्या शांता गावडेकडे ठेवायला दिली. शांता मूळची मालवणची, तीस वर्षांची शेजारीण. तिला या सणाचं सगळं ठाऊक. मिल्काबाईंचं पीठ, रवा, व्हिनेगरची बाटली दरवर्षी तिच्याचकडे जायची. तिने गाठोडं देवघराशेजारी ठेवलं आणि माहेरचं कोणी आजारी होतं म्हणून दोन दिवस लोअर परळला गेली. घरात राहिली ती माघात लग्न होऊन आलेली सून मेघना.

सण सोमवारी संध्याकाळी लागायचा होता. रविवारी सकाळी मिल्काबाई भांडी आणायला गेल्या. ओट्यावर झिराडचा टोप होता, वर ओलं फडकं, आणि फडकं मधोमध टम्म वर आलेलं. मेघनाच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती, म्हणून तिने रात्रीच कोंबडी-वड्याचं पीठ भिजवून ठेवलं होतं. तांदूळ, उडीद, थोडे गहू. घरातल्या भांड्यात मावेना, गाठोड्यातला टोप चांदीसारखा चकचकीत दिसला, तिला वाटलं सासूबाईंनी पाहुण्यांसाठीच काढून ठेवलाय.

"काकू, बघा कसं छान फुगलंय," ती म्हणाली.

मिल्काबाईंनी दोन लहान पातेली उचलली आणि घरी आल्या. नव्या रंगाच्या वासात त्या खुर्चीत टेकल्या. आहरोन असते तर भांडी दुसऱ्याच्या घरी ठेवावीच लागली नसती. बेनीचं काय चुकतं? आपल्याच्याने होणार नाही, हे त्याला कळलं, आपल्यालाच कळत नव्हतं.

तासाभरात शांता परतली. तिचा आवाज गॅलरीभर ऐकू येत होता. "विचारायचं तरी होतंस गो! त्यांचं वर्षाचं सोवळं ते, तू त्यात वडे भिजवलेस." मग तिचा मुलगा मयूर दारात आला, मान खाली घालून. म्हणाला, आत्ता लालबागला जातो, याहून मोठा नवा कोरा स्टीलचा टोप आणतो. मिल्काबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि नको म्हणाल्या. स्टीलच्या टोपाने शरबत झालं असतं. पण मग मशिदीतलं आयतं काय वाईट होतं?

शेवटी त्यांनी हाजानना, म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्यांना, फोन लावला. ते शांतपणे ऐकून घेणारे गृहस्थ. त्यांनी सांगितलं, टोप घासून एक दिवस कोरडा ठेवा. उद्या सकाळी काठोकाठ पाणी भरून खळखळ उकळा. आणि लोखंड लाल तापवून त्यात सोडा, म्हणजे उकळतं पाणी काठावरून चारी बाजूंनी बाहेर पडेल. मग गार पाण्याने धुवा. तुमचा टोप शुद्ध.

फोन ठेवला आणि मिल्काबाईंना मेघना आठवली. सकाळपासून तिचा आवाज नव्हता. पाहुण्यांना तिने कसं वाढलं असेल कोण जाणे. पेसाहच्या रात्री हगादा वाचतात, सुटकेची गोष्ट. तिच्यात चार मुलं येतात. चौथ्याला विचारायचंसुद्धा कळत नाही. त्याला रागवा असं हगादेत लिहिलेलं नाही. तू स्वतः सुरुवात कर, त्याला सांग, असं लिहिलंय. मिल्काबाईंनी हे जन्मभर ऐकलं होतं. त्या उठल्या आणि समोर गेल्या.

मेघना मोरीपाशी टोप घासत बसली होती, डोळे सुजलेले. मिल्काबाई तिच्याजवळ पाटावर टेकल्या. "या भांड्याचं तुला कोणी सांगितलंच नाही ना? आता मी सांगते," म्हणाल्या, आणि मिसरपासून सुरुवात केली.

सोमवारी सकाळी सगळा मजला खाली अंगणात. मंडळाची महाप्रसादाची शेगडी मयूरने काढून दिली. लोखंड कुठून आणायचं यावर थोडा खल झाला. मग तोच मंडळाच्या व्यायामशाळेतून वजनाची एक जुनी चकती घेऊन आला. शांता म्हणाली, व्यायाम कधी केला नाहीस, निदान ही तरी कामाला आली. चाळीखालच्या इस्त्रीवाल्याने चकती आपल्या कोळशांत घातली, वर पंख्याने वारा घातला. चकती लाल झाली तेव्हा टोपातलं पाणी उड्या मारत होतं. मयूरने ती सांडशीने धरून आत सोडली. असा काही चुर्रर आवाज झाला की वरच्या मजल्यावरची माणसंही वाकून बघायला लागली. पाणी काठावरून भळाभळा चहूकडे सांडलं. मिल्काबाई ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होत्या. मेघनाने गार पाण्याची बादली ओतली.

दुपारी मनुका त्याच टोपात शिजल्या.

संध्याकाळी माहीमहून नणंद आल्या. गावडे मंडळींना मिल्काबाईंनी स्वतः बोलावलं होतं. हगादा नेहमी आहरोन वाचत, आज मिल्काबाईंनी वाचली. हिब्रू थोडं अडखळलं, मराठी ओघाने आलं. लोक पहाटे मिसरमधून निघाले, इथपर्यंत गोष्ट आली आणि मेघनाने हळूच विचारलं, "काकू, मग त्या बायकांनी पिठाचं काय केलं? तसंच टाकून गेल्या?"

"टाकतील कशाला? परातीसकट चादरीत बांधलं आणि घेतलं खांद्यावर."

"म्हणजे भांडी बरोबर नेली," शांता म्हणाली. "मला वाटलंच. बाई भांडी सोडून नाही जायची." नणंद इतक्या हसल्या की शरबताचा पेला खाली ठेवावा लागला.

शेवटी, पुढच्या वर्षी यरुशलेमात, हे वाक्य सगळे म्हणतात ते म्हणून झालं. मिल्काबाईंनी ते दरवर्षीसारखंच डोळे मिटून म्हटलं.

सणाचे पहिले दोन दिवस फोनला हात लावायचा नसतो, म्हणून तो बंद होता. तो सुरू केल्या केल्या बेनीची घंटी वाजली. त्याने आवाज जपून विचारलं, "झालं का गं सगळं नीट?"

मिल्काबाईंनी सगळं सांगितलं. वडे, चकती, इस्त्रीवाला. तिकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

"म्हणजे तू काही येत नाहीस," बेनी म्हणाला.

"यरुशलेम बघायला येईन की. दिवाळीनंतर काढ तिकीट, जायचं आणि यायचंही," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या पेसाहला तुम्ही सगळी इकडे या. मेघना म्हणते, भांडी घासायला तिला आधीपासून सांगून ठेवा."